साठीनंतरचं ‘पुरुष आरोग्य पॅकेज’ : पाचपैकी दोन तारे, तेही रक्त काढणाऱ्या पोराला

परवा घरी येऊन रक्त नेणाऱ्या त्या तपासणी कंपनीचा चौथा मेसेज आला, ‘आमची सेवा कशी वाटली? तारे द्या.’ तारे देऊन टाकले, दोन. पण त्यांच्या चौकटीत दोनशे अक्षरांच्या पुढे लिहिता येत नाही आणि माझं म्हणणं तेवढ्यात बसत नाही. म्हणून इथे लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. अशा बऱ्याच कंपन्या आहेत आणि जाहिरातींवरून तरी सगळ्यांची पॅकेजं एकाच साच्यातली दिसतात.

मी साताऱ्यात राहतो. वय ६३. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागलो आणि निमतानदार म्हणून निवृत्त झालो. ज्यांना या खात्याशी कधी काम पडलं नाही (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीची पहिली मोजणी मान्य नसेल तर फेरमोजणी होते, तिला निमताना म्हणतात. तीही मान्य नसेल तर सुपर निमताना. म्हणजे आयुष्यभर मी दुसऱ्यांनी काढलेले आकडे तपासत आलो. तरीही स्वतःच्या रक्तातला एक आकडा हातात पडला तेव्हा पाच रात्री झोप लागली नाही.

पॅकेज मुलाने घेतलं. तो पुण्यात असतो. माझ्या वाढदिवसाला त्याने फोनवरच बुक केलं, ‘साठीपुढील पुरुषांसाठी, ८२ चाचण्या’, मूळ किंमत ३,४९९, सवलतीत १,७९९ रुपये. या ८२ मध्ये नुसत्या सीबीसीचेच (रक्तपेशींच्या मोजणीचे) वीसेक आकडे मोजलेले असतात. एका सातबाऱ्यावरचे सगळे रकाने वेगवेगळे उतारे म्हणून विकावेत, तसलाच प्रकार. त्या यादीत तळाशी कुठेतरी ‘टोटल पीएसए’ होतं, पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतलं एक प्रथिन रक्तात किती आलं ते मोजणारी चाचणी. ते काय असतं हे मुलाला माहीत नव्हतं, मला अर्धवट माहीत होतं, आणि कंपनीने सांगितलं नाही.

अर्धवट माहीत होतं ते दादामुळे. दादा माझा थोरला भाऊ, कोरेगाव तालुक्यात गावी असतो, शेती करतो. चार वर्षांपूर्वी त्याची कंबर धरली. आल्याच्या वाफ्यात वाकून वाकून धरली असेल असं सगळ्यांनीच धरून चाललं. शेक झाला, पट्टा झाला, चोळणारा झाला. सात-आठ महिने गेले. शेवटी एका सकाळी त्याला उठून उभंच राहता येईना तेव्हा साताऱ्याला आणला. मणक्याचा एमआरआय झाला आणि तो फोटो पाहून हाडांच्या डॉक्टरने आम्हाला न विचारता पीएसएची चिठ्ठी लिहिली. आकडा आला ४१२. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात उतरला होता. त्या वेळी दादा ७१ वर्षांचा होता.

आता पॅकेजकडे येतो. रविवारी सकाळी पावणेसातला पोरगा आला. वेळेवर आला, हात धुतले, सुई माझ्यासमोर पाकिटातून काढली, एका टोचण्यात तीन नळ्या भरल्या. “काका, मूठ आवळा, आता सोडा,” एवढंच बोलला आणि जाताना कापूस दोन मिनिटं दाबून धरायला सांगून गेला. माझे दोन तारे त्याचे आहेत. त्याला महिन्याला किती मिळतं कोण जाणे, पण सगळ्या साखळीत आपलं काम नीट करणारा तो एकटा होता.

त्याच्याकडच्या फॉर्मवर एकच प्रश्न होता, उपाशीपोटी आहात का. होतो, बारा तास. नंतर कळलं की पीएसएला उपाशी राहण्याची गरजच नसते, ते साखर-कोलेस्टेरॉलसाठी. पीएसएसाठी जे विचारायला हवं होतं त्यातलं एकही अक्षर त्या कागदावर नव्हतं. आदल्या दिवशी सायकल चालवली का? (चालवली होती, यवतेश्वरचा घाट वरपर्यंत.) लघवीला जळजळ आहे का? (होती, आठवडाभर. मार्चचं ऊन आहे म्हणून मी कोकम सरबतावर भागवत होतो.) लघवीच्या त्रासासाठी कुठली गोळी चालू आहे का? घरात कुणाला हा आजार आहे का? आणि सगळ्यात आधीचा प्रश्न, ही तपासणी तुम्हाला करायची आहे का?

रिपोर्ट त्याच रात्री नऊ चाळीसला व्हॉट्सॲपवर आला. चौदा पानं. पहिल्या पानावर हसणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो. अकराव्या पानावर लाल बाण आणि ‘हाय’. पीएसए ५.८, समोर छापलेली मर्यादा ० ते ४. खाली बारीक अक्षरांत ‘आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधा’. रविवारी रात्री नऊ चाळीसला कोणता डॉक्टर संपर्कात येतो? ही दुसरी तक्रार. ज्या आकड्याने माणसाची झोप उडते तो देण्याची काही वेळ असते. आम्ही साधी हद्द कायम करायची असली तरी लगतदारांना आधी नोटीस पाठवायचो.

बायकोला लगेच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने दादाची कंबर आठवली असती, आणि मी ती आठवायची नाही म्हणून झटत होतो.

सोमवारी साडेदहाला कंपनीतून फोन. ‘हेल्थ कोच’ म्हणे. गोड आवाजाची मुलगी, आमच्या सुनेच्या वयाची. “सर, तुमचा पीएसए लाल झोनमध्ये आलाय. काळजी करू नका, पण दुर्लक्षही करू नका.” या एका वाक्यात काळजी करायची की नाही हे ठरवून दाखवणाऱ्याला मी माझे दोन्ही तारे देईन. मग तिने २,९९९ रुपयांचं कॅन्सर मार्करचं आणखी एक पॅकेज सुचवलं, आज घेतलं तर वीस टक्के कमी. मी म्हटलं, डॉक्टर द्या. ‘फ्री कन्सल्टेशन’चे डॉक्टर दुपारी आले, चार मिनिटं बोलले, त्यातलं दीड मिनिट माझं वय आणि वजन विचारण्यात गेलं. ‘युरोलॉजिस्टला (म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरला) दाखवा’ हा त्यांचा सल्ला. तो बरोबर होता, पण त्यासाठी डॉक्टर लागत नव्हता.

शुक्रवारी साताऱ्यातल्याच एका युरोलॉजिस्टची वेळ मिळाली. तोवर बायकोला कळलंच होतं. मी रात्री दोनला गॅलरीत उभा राहतो म्हटल्यावर न कळायला काय झालं. ती बरोबर आली. तपासणी फी ६०० रुपये, बसलो पंचवीस मिनिटं. हा दवाखाना काही पॅकेजमध्ये नव्हता, पण खरं परीक्षण त्याचंच लिहायला हवं. पाचपैकी पाच. बाहेर दोन तास बसावं लागलं आणि पंखा आवाज करत होता, त्याचे मी काही कापत नाही.

डॉक्टर वयाने चाळिशीच्या आतबाहेर. रिपोर्टची चौदा पानं त्यांनी बाजूला ठेवली आणि प्रश्न विचारायला लागले. फॉर्मवर नसलेले सगळे आले. सायकल आली, जळजळ आली. “आदल्या दोन दिवसांत संबंध आले होते का?” हेही आलं. बायको भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे पाहायला लागली. मी “नाही” म्हटलं. वीर्य गेल्यावरही आकडा थोडा चढतो, म्हणून ४८ तास थांबायचं असतं. बारा तास उपाशी राहिलेल्या माणसाला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मग गोळ्यांचा प्रश्न. मला गोळी नाही, पण माझ्या सकाळच्या मंडळातले एक गृहस्थ लघवीची धार सुधारावी म्हणून ड्युटास्टेराइड घेतात. फिनास्टेराइडही त्याच जातीतली. या गोळ्या सहा महिने-वर्षभर चालू असल्या की पीएसए निम्म्यावर येतो. म्हणजे रिपोर्टवर २.६ दिसला तर तो ५.२ धरायचा. आमच्या मंडळातल्या त्या गृहस्थांनीही हेच पॅकेज घेतलं होतं आणि आपला आकडा २.६ हिरव्या रंगात आला म्हणून सगळ्यांना चहा पाजला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना गाठून सांगितलं. चहाचे पैसे परत मागताहेत.

डॉक्टरांनी कागदावर अक्रोडासारखी प्रोस्टेट काढून दाखवली, पण त्यांच्या अक्रोडापेक्षा मला शेत बरं कळतं, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. मूत्राशयाखाली एक छोटं शेत आहे आणि त्याच्या मधून पाण्याचा पाट गेलाय, ती लघवीची नळी. वय वाढलं की पाटाच्या कडेची माती फुगते आणि पाट अरुंद होतो. रात्री तीनदा उठणं, धार बारीक होणं, थांबून थांबून येणं, हे बहुतेक वेळा त्या फुगलेल्या मातीचं. तो कॅन्सर नव्हे. कॅन्सर बहुतेकदा उगवतो बाहेरच्या बांधाकडे. तिथे तो बराच मोठा झाला तरी पाटाला धक्का लागत नाही. म्हणून दादाला लघवीचा काडीचाही त्रास नव्हता. ‘त्रास झाला की बघू’ म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे ऐकून ठेवायला हवं. लवकरच्या प्रोस्टेट कॅन्सरला बहुधा लक्षणच नसतं, आणि लक्षण असतं तेव्हा बहुधा तो कॅन्सर नसतो.

पीएसए हे त्या शेतातलंच एक प्रथिन. निरोगी ग्रंथीही ते बनवते, फुगलेली जास्त बनवते, सुजलेली आणखी जास्त, आणि कॅन्सर असला तर कॅन्सरही. रक्तात किती आलं ते कळतं, कशामुळे आलं ते कळत नाही. आकडा चढलेल्या चारांतल्या साधारण तिघांना पुढे कॅन्सर निघत नाही. उलटही आहे. अमेरिकेत एका अभ्यासात ४ च्या आत आकडा असलेल्या पुरुषांचीही बायोप्सी (ग्रंथीचे तुकडे काढून तपासणी) केली, तेव्हा साधारण सातांत एकाला कॅन्सर सापडला, बहुतेकांचा संथ जातीचा. म्हणजे ० ते ४ ही काही दगड रोवून कायम केलेली हद्द नाही.

मग गुदद्वारातून बोटाने तपासणी. याची मला रिपोर्टपेक्षा जास्त धास्ती होती हे कबूल करतो. बायको बाहेर गेली, मी कुशीवर वळलो, वीस सेकंदांत संपलं. लाज वाटायला लागेपर्यंत डॉक्टर हातमोजा काढत होते. गाठ लागली नाही, ग्रंथी थोडी मोठी आणि दुखरी आहे, म्हणाले. ‘संपूर्ण पुरुष तपासणी’ असं छापलेल्या पॅकेजमध्ये सुईशिवाय मला कुणाचा स्पर्श झालेला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. लघवीच्या तपासणीत पू पेशी निघाल्या. संसर्ग होता. प्रतिजैविकाचा कोर्स दिला आणि सांगितलं की सहा आठवडे पीएसएचं नाव काढायचं नाही, संसर्गानंतर आकडा खाली यायला तेवढा वेळ लागतो. मी विचारलं, मग सायकलचं काय? “सायकलने कुणाचा थोडा चढतो, कुणाचा नाही. दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. पण सगळं सायकलवर ढकलू नका.”

इथवर आम्ही आकड्याबद्दल बोलत होतो. खरं बोलणं पुढे झालं, आणि तेच या पॅकेजवरचं माझं मुख्य गाऱ्हाणं आहे, की ते बोलणं रक्त काढायच्या आधी व्हायला हवं होतं. डॉक्टरांनी विचारलं, “काका, सहा आठवड्यांनीही आकडा चढलेलाच राहिला तर पुढे जायची तयारी आहे का? नसेल तर परत काढू नका.”

पुढे म्हणजे काय, तर एमआरआय. त्यात संशयाला १ ते ५ असे गुण देतात. ४-५ आले तर बायोप्सी, सुईने दहा-बारा तुकडे काढायचे. गुदद्वारातून काढले तर जंतुसंसर्गाची भीती जास्त, म्हणून आता बरेच जण गुदद्वाराच्या पुढच्या कातडीतून काढतात. बायोप्सीत काही निघालं तर त्याची प्रत, म्हणजे तो किती तेज, ते ठरवायचं. संथ असेल तर लगेच हात लावायचा नाही, ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय, गरज पडली तर पुन्हा बायोप्सी करत नजर ठेवायची. तेज असेल तर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन. शस्त्रक्रियेनंतर लघवी न थांबणं आणि पुरुषत्व जाणं ही जोखीम. हे सगळं एका ओळीत मांडल्यावर कळलं, की १,७९९ रुपयांत मुलाने मला तपासणी नाही, एक रस्ता भेट दिला होता, आणि रस्त्याच्या तोंडाशी पाटी नव्हती.

मी म्हटलं, फायदा किती ते आकड्यात सांगा. ते हसले, म्हणाले, “असं विचारणारे कमी येतात,” आणि कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला लागले. युरोपात १९९३ पासून आठ देशांत एक मोठी चाचणी चालली. ५५ ते ६९ वयाचे दीड लाखाहून जास्त पुरुष, काहींना पीएसएसाठी वेळोवेळी बोलावलं, बाकीच्यांना नाही. २३ वर्षांनंतरचा हिशेब २०२५ मध्ये आला. न बोलावलेल्यांत प्रोस्टेट कॅन्सरने १.६ टक्के गेले, बोलावलेल्यांत १.४ टक्के. म्हणजे दर ४५६ जणांना बोलावलं तेव्हा एकाचा मृत्यू टळला, आणि तो एक टळावा म्हणून बारा जास्तीच्या पुरुषांच्या कपाळी कॅन्सरचं निदान आलं. ब्रिटनमध्ये दुसरी एक चाचणी झाली. तिथे लवकर सापडलेल्या १,६४३ जणांचे तीन गट पाडले. काहींची शस्त्रक्रिया, काहींना रेडिएशन, काहींवर नुसती नजर. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने मेलेले तीन टक्क्यांच्या आसपासच. मात्र नुसत्या नजरेतल्या निम्म्याहून जास्त जणांवर पुढे केव्हातरी उपचार करावे लागले. “आणि हे सगळे तिकडचे पुरुष आहेत,” डॉक्टरांनी आठवण करून दिली.

ते बारा जण म्हणजे कोण हे मला कुणी सांगायला नको. त्यातले एक आमचे साडू. पुण्यात असतात. ७४ व्या वर्षी, अँजिओप्लास्टी झालेली असताना, असल्याच एका पॅकेजात आकडा आठाच्या वर आला. बायोप्सीत संथ जातीचा निघाला, तरी सगळ्यांनी मिळून घाई केली आणि यंत्रमानवाच्या हातांनी शस्त्रक्रिया झाली. तीन वर्षं झाली, डायपरची दोन पाकिटं घेतल्याशिवाय ते साताऱ्याला येत नाहीत. लग्नात पंगतीच्या टोकाला बसतात, पटकन उठता यावं म्हणून. पण गंमत अशी की त्यांना विचाराल तर म्हणतात, “वाचलो. वेळेवर सापडला.” मी त्यांच्याशी वाद घालत नाही. शस्त्रक्रिया केली नसती तर त्यांना काय झालं असतं, याचा उतारा कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. माझं मत असं की काहीच झालं नसतं. ते मी इथे लिहितो, त्यांच्यासमोर बोलत नाही.

आणि दादा त्या ४५६ मधला तो एक झाला असता का? साठीत कुणी त्याचा पीएसए केला असता, तर कदाचित झालाही असता. कदाचित त्याचा इतका तेज असता की दोन तपासण्यांच्या मधेच वाढला असता. हेही डॉक्टरांनी सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून लपवलं नाही.

घरी येऊन वाचत बसलो. मुलगा पुण्याहून दुवे पाठवत होता, त्यालाही अपराधी वाटत होतं. अमेरिकेत तर या एका तपासणीवर सरकारी तज्ज्ञ मंडळानेच कोलांटी मारलेली आहे. २०१२ मध्ये सांगितलं, कुणीच करू नका. २०१८ मध्ये सांगितलं, ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याचं त्याने ठरवावं, सत्तरीनंतर करू नये. १९७० मध्ये प्रोस्टेटमधल्या प्रतिजनाचा शोध लावणारे रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सरसकट तपासणीला विरोध केला. ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढच्या पुरुषाने स्वतः मागितली आणि फायदे-तोटे ऐकून घेतले तर ही तपासणी फुकट होते. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर तपासतात, प्रोस्टेट त्यात नाही. म्हणजे जगभरची शहाणी माणसं जिथे ‘आधी बोला’ म्हणतात, तिथे आमची पॅकेजवाली मंडळी ८२ चाचण्यांच्या गठ्ठ्यात ती न बोलता टाकून देतात, आणि साडूंसारख्या चौऱ्याहत्तरीच्या माणसालाही तीच.

बायको म्हणाली, “अहो, एवढं वाचताय, ठरवलंत काय?” ठरवणं तिच्याशिवाय होणार नव्हतं, कारण पुढच्या जोखमीतल्या अर्ध्या गोष्टी दोघांच्या होत्या. त्या आम्ही रात्री अंधारात बोललो, उजेडात अजूनही बोलता येत नाहीत. ती म्हणाली, “मला डायपर धुवायला लागलं तरी चालेल.” मी म्हटलं, “ते धुवायचे नसतात, टाकायचे असतात.” दोघंही हसलो. मग झोप लागली, सहाव्या रात्री.

ठरवलं ते असं. भावाला असला की आपली जोखीम साधारण दुपटीची होते, आणि माझं वय अजून तपासणीचा फायदा पदरात पडेल असं आहे. म्हणून मी निमताना करणार. चढलेला राहिला तर एमआरआय करणार, एमआरआय स्वच्छ आला तर थांबणार. बायोप्सी, म्हणजे आमची सुपर निमताना, एमआरआयमध्ये काही दिसलं तरच. संथ निघाला तर कापून घेणार नाही, नातेवाइकांची सभा भरली तरी. दादा नसता तर? तर मी बहुधा नाही म्हटलं असतं आणि घाट चढत राहिलो असतो. माझ्याच वयाच्या, माझ्याच मंडळातल्या एकाने सगळं ऐकून ‘नको’ ठरवलं. मला त्याचंही पटलं.

सात आठवड्यांनी इथल्याच एका लॅबमध्ये नुसता पीएसए केला, ६५० रुपये. तीन दिवस सायकल भिंतीला लावून ठेवली होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की ४ ते १० मध्ये आला तर फ्री पीएसएही (रक्तात सुटा फिरणारा पीएसए) बघू, त्याचं प्रमाण कमी निघालं तर संशय वाढतो. तेवढी वेळ आली नाही. आकडा आला ३.१. डॉक्टर म्हणाले, वर्षभराने बघू, सत्तरीनंतर बहुधा बंद करू.

तेव्हा पॅकेज घ्यावं का? साखर, कोलेस्टेरॉल, किडनी यांच्यासाठी घ्यायचं तर घ्या, स्वस्त पडतं आणि पोरगा वेळेवर येतो. पण बुक करताना पीएसए वगळता येतो का विचारा. मी नंतर फोन करून विचारलं, “तो पॅकेजचाच भाग आहे सर, काढता येत नाही, पण फ्रीच आहे ना.” आई-वडिलांना वाढदिवसाची भेट म्हणून देणाऱ्या मुलांना विनंती, साडी-धोतर द्या. पीएसए करायचा असेल तर बापाला घेऊन डॉक्टरकडे जा, आधी.

हा दुसरा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी दादाला फोन केला. चार वर्षं झाली, तो आहे. दर तीन महिन्यांच्या महागड्या इंजेक्शनांऐवजी त्याने अंडकोष काढून घेतले. कॅन्सरला खतपाणी घालणारं पुरुषी हार्मोन त्याने बंद होतं, आणि सोबत गोळ्या चालू आहेत. “खोंड खच्ची करतात तसं झालं बघ माझं,” असं तो स्वतःच सगळ्यांना सांगतो आणि ऐकणाऱ्याला कुठे बघावं कळत नाही. वाफ्यात वाकता येत नाही, पण बांधावर खुर्ची टाकून माणसांवर ओरडता येतं.

“किती आला रे तुझा?” त्याने विचारलं.

“तीन पूर्णांक एक.”

“माझा मागच्या महिन्यात शून्य पूर्णांक चार,” दादा म्हणाला. “बघ, तुझ्यापेक्षा चांगला.”